टेप लायब्ररी ताब्यात घेताना : नव्या संगणक-प्रशासकासाठी पायरीनिहाय मार्गदर्शन

संशोधन संस्था, विद्यापीठ, बँक किंवा चित्रपट-संकलनाचा स्टुडिओ यांच्या संगणक विभागात रुजू झाल्यावर ‘बॅकअपचेही तुम्हीच बघा’ एवढेच सांगून ज्यांच्या हाती टेप लायब्ररी सोपवली जाते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टेप लायब्ररी म्हणजे चुंबकीय टेपांची कार्ट्रिज (टेप गुंडाळलेल्या डब्या) स्लॉटमध्ये, म्हणजे खणांत, ठेवणारे आणि रोबोटच्या हाताने ती वाचन-लेखनाच्या ड्राइव्हमध्ये चढवणारे यंत्र. सर्व्हर, नेटवर्क आणि लिनक्स यांत मुरलेल्या माणसाचाही चुंबकीय टेपेशी संबंध आलेला नसतो. निर्मात्याची जाडजूड पुस्तिका वाचून यंत्र सुरू होते खरे, पण रोजच्या वापरात नवखा माणूस कुठे अडकतो हे त्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की टेप लायब्ररीचे यंत्र क्वचितच दगा देते. माहिती हातची जाते ती बारकोड, कॅटलॉग (कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे याची यादी) आणि एन्क्रिप्शन-की (कुलूपबंद माहिती उघडणारी किल्ली) यांच्या नोंदींतील ढिलाईमुळे. म्हणून पुढच्या पायऱ्यांत यंत्रापेक्षा नोंदींवर अधिक भर दिसेल.

टेप म्हणजे जुनाट वस्तू, असा समज असेल तर तो आधीच दूर केलेला बरा. आयबीएमने १९५२ मध्ये ७२६ हे टेप-यंत्र बाजारात आणले तेव्हा टेप अर्धा इंच रुंद होती, आणि आजच्या एलटीओ (लिनियर टेप-ओपन या मापदंडाच्या) कार्ट्रिजमधली टेपही साधारण तेवढीच, म्हणजे १२.६५ मिलिमीटर रुंद आहे. बदलली ती त्या रुंदीत मावणारी माहिती. स्टोरेजटेक कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या गोलाकार सायलोत रोबोटचा हात सुमारे ६,००० कार्ट्रिज हाताळत असे, पण प्रत्येकात २०० एमबी धरले तरी त्या सगळ्या सायलोत १.२ टीबीच माहिती मावे. आज तळहातावर मावणाऱ्या एका एलटीओ-९, म्हणजे या मापदंडाच्या नवव्या पिढीच्या, कार्ट्रिजमध्ये १८ टीबी बसतात. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या प्रयोगांची माहिती आजही टेपवर जपते, आणि त्यासाठी तिने सर्न टेप आर्काइव्ह ही स्वतःची प्रणाली लिहिली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर-दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे टपाल नाहीसे झाले, तेव्हा डिस्कवरच्या प्रतींनाही त्या दोषाची झळ लागली होती. गूगलने ते टपाल परत मिळवले ते टेपवरून.

पुढचे विवेचन मी रॅकमध्ये बसणाऱ्या मध्यम आकाराच्या लायब्ररीला धरून केले आहे : एका मॉड्यूलमध्ये साधारण चाळीस स्लॉट, अर्ध्या उंचीचे दोन-तीन एलटीओ ड्राइव्ह, आणि मध्ये वर-खाली फिरणारा एक रोबोट. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत असेच यंत्र आढळते.

१. यंत्राला हात लावण्याआधी कागदपत्रे आणि साधने जमवा

लायब्ररी नवी असो वा आधीच्या माणसाकडून आलेली असो, खालील गोष्टी एका फायलीत आल्याशिवाय काम सुरू करू नका. जुन्या यंत्राच्या बाबतीत तर हस्तांतरणाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच त्या मागून घ्या, कारण सही झाल्यावर त्या शोधून देण्याची निकड कोणालाच राहत नाही.

- लायब्ररीचा आणि प्रत्येक ड्राइव्हचा अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, वॉरंटी किंवा वार्षिक देखभाल कराराची प्रत आणि त्याची अंतिम तारीख.
- व्यवस्थापन पोर्टचा आयपी पत्ता, प्रशासकाचा पासवर्ड आणि समोरच्या पॅनेलचा पिन.
- घेतलेल्या परवान्यांची प्रमाणपत्रे; एन्क्रिप्शन किंवा पर्यायी नियंत्रण-मार्ग (रोबोटला आज्ञा देण्याची दुसरी वाट) यांसारख्या सोयी अनेकदा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात.
- सर्व कार्ट्रिजची यादी : बारकोड, पिढी, पहिल्या वापराची तारीख, सध्या कुठे आहे.
- एन्क्रिप्शन वापरात असल्यास की कुठे साठवल्या आहेत आणि त्या कोणाच्या ताब्यात आहेत, याची लेखी नोंद.
- साधने : बारकोड लेबलांचा छापील संच, निदान एक क्लीनिंग कार्ट्रिज, एक राखीव केबल आणि टेपांच्या वाहतुकीसाठी खाचा असलेली कडक प्लास्टिकची पेटी.

करारात एक कलम आवर्जून पाहा. बिघडलेले कार्ट्रिज किंवा ड्राइव्ह बदलून घेताना जुना भाग कंपनीला परत द्यावा लागतो का, आणि कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये अडकलेले असल्यास त्याचे काय होते, हे त्यात स्पष्ट नसेल तर गोपनीय माहिती असलेली टेप दुसऱ्याच्या हाती जाण्याची वेळ येते.

२. पिढी तपासा, मगच कार्ट्रिज मागवा

एलटीओचा मापदंड एचपीई, आयबीएम आणि क्वांटम या तीन कंपन्या मिळून चालवतात. पहिली पिढी २००० मध्ये आली, तिची क्षमता १०० जीबी होती. त्यानंतर २०१५ मध्ये एलटीओ-७ (६ टीबी), २०१७ मध्ये एलटीओ-८ (१२ टीबी), २०२१ मध्ये एलटीओ-९ (१८ टीबी) आणि २०२५ मध्ये एलटीओ-१० (३० टीबी) आली.

जुन्या माहितगारांच्या तोंडी एक नियम आहे : ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचतो आणि मागच्या एका पिढीवर लिहितो. एलटीओ-७ पर्यंत तो खरा होता, आता नाही. एलटीओ-८ ड्राइव्हला ७ आणि ८ याच पिढ्या चालतात, एलटीओ-९ ला ८ आणि ९, तर एलटीओ-१० ड्राइव्ह मागची एकही पिढी वाचत नाही. म्हणजे कपाटात एलटीओ-६ च्या टेपा असतील आणि तुम्ही उत्साहाने एलटीओ-९ ची लायब्ररी मागवली, तर त्या टेपा तिच्यावर वाचता येणार नाहीत. आणखी एक फसवे प्रकरण म्हणजे ‘एम८’ : नवे कोरे एलटीओ-७ कार्ट्रिज एलटीओ-८ ड्राइव्हवर ९ टीबी क्षमतेने वापरण्याची ती सोय होती, आणि असे कार्ट्रिज फक्त एलटीओ-८ ड्राइव्हवरच चालते. जुन्या साठ्यात बारकोडच्या शेवटी ‘एम८’ दिसले तर ती टेप वेगळी काढून तिची नोंद ठेवा.

निविदा लिहिताना क्षमता नेहमी मूळ, म्हणजे कॉम्प्रेशनविना लिहा. एलटीओ-९ च्या खोक्यावर ठळक अक्षरांत ४५ टीबी छापलेले असते, ते २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरून. साध्या मजकुराच्या फायली कदाचित तेवढ्या दबतील. पण व्हिडिओ, जेपीजी चित्रे, झिप केलेल्या फायली किंवा आधीच एन्क्रिप्ट केलेली माहिती जवळजवळ दबतच नाही. ४५ चा आकडा धरून मागवलेली कार्ट्रिज मग निम्म्या वाटेतच संपतात आणि लेखा विभागाला पुन्हा खर्चाचे कारण द्यावे लागते.

३. बसवणी : कोणता ड्राइव्ह कोणता, हे अनुक्रमांकावरून ठरवा

यंत्र खोक्यातून काढल्यावर, वीज जोडण्याआधी, वाहतुकीत रोबोट हलू नये म्हणून लावलेला अडसर किंवा फोम काढला आहे याची खात्री करा. तो तसाच ठेवून यंत्र सुरू केले तर रोबोट जागीच धडपडतो आणि पहिल्याच दिवशी सेवा-अभियंत्याला बोलवावे लागते.

ड्राइव्ह एसएएस किंवा फायबर चॅनेल या जोडणी-पद्धतींनी सर्व्हरला जोडतात. सर्व्हरच्या बाजूला साधे होस्ट अडॅप्टर कार्ड हवे. डिस्कसाठी बसवलेल्या रेड कंट्रोलरला टेप ड्राइव्ह जोडण्याचा मोह टाळा. लिनक्सवर एलएसएससीएसआय ही आज्ञा ‘जी’ पर्यायासह दिली की ड्राइव्हच्या ओळींबरोबर ‘मीडियमएक्स’ अशी एक ओळ दिसली पाहिजे. तोच तुमचा रोबोट. मध्यम आकाराच्या लायब्ररीत रोबोटला बहुधा स्वतंत्र केबल नसते, एखाद्या ड्राइव्हच्या केबलवरूनच त्याला आज्ञा जातात. त्यामुळे तो ड्राइव्ह बंद पडला किंवा काढला, तर रोबोटही सर्व्हरला दिसेनासा होतो. हे माहीत नसलेला माणूस दिवसभर रोबोटमधला बिघाड शोधत बसतो.

यापुढचा सापळा अधिक खोल आहे. लायब्ररीच्या पॅनेलवर ड्राइव्हची मोजणी १ पासून सुरू होते, रोबोट चालवणाऱ्या एमटीएक्स या आज्ञेत ती ० पासून सुरू होते, आणि लिनक्स एनएसटी०, एनएसटी१ ही नावे ज्या क्रमाने ड्राइव्ह सापडतील त्या क्रमाने देते. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम उलटूही शकतो. मग रोबोट एका ड्राइव्हमध्ये टेप ठेवतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच ड्राइव्हकडे तिची वाट पाहत बसते. म्हणून बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ही तात्पुरती नावे कधीही लिहू नका. ड्राइव्हच्या अनुक्रमांकावर आधारलेली, न बदलणारी नावे लिनक्स ‘बाय-आयडी’ या उपनिर्देशिकेत देते, ती वापरा. प्रत्येक ड्राइव्हमध्ये आळीपाळीने एक टेप चढवून, ड्राइव्ह हाताळणाऱ्या एमटी या आज्ञेच्या ‘स्टेटस’ने ती तिथेच दिसते का ते पाहा, आणि जुळणीचा तक्ता छापून रॅकच्या दारावर आतून चिकटवा.

४. बारकोड लावा आणि क्रमांकांची शिस्त ठरवा

एलटीओच्या बारकोडमध्ये आठ अक्षरे असतात : पहिली सहा तुमची, शेवटची दोन पिढी सांगणारी, जसे एलटीओ-८ साठी ‘एल८’ आणि एलटीओ-९ साठी ‘एल९’. क्लीनिंग कार्ट्रिजचा क्रमांक ‘सीएलएन’ने सुरू होतो, आणि त्यावरूनच लायब्ररी त्याला वेगळे ओळखते. सहा अक्षरांत वर्ष, विभाग, प्रकल्प असे सगळे कोंबण्याची हौस अनेकांना असते. माझा सल्ला असा की क्रमांक निरर्थक आणि सलग ठेवा, आणि अर्थ कॅटलॉगमध्ये लिहा. टेप पुढे दुसऱ्या प्रकल्पासाठी वापरली गेली की क्रमांकातला अर्थ खोटा ठरतो, आणि खोटे लेबल कोरे असण्यापेक्षा घातक असते.

लेबल कार्ट्रिजच्या पुढच्या खाचेतच आणि सरळ चिकटवा. साध्या छपाई-यंत्रावर छापलेले कागदी स्टिकर लावू नका. ड्राइव्हच्या उष्णतेने त्यांच्या कडा सुटतात आणि लेबल आत अडकते. ‘महत्त्वाचे’ असे लिहिलेली रंगीत चिठ्ठी वरच्या पृष्ठभागावर लावणे तर कटाक्षाने टाळा.

लायब्ररीचे दार उघडून बंद केले की रोबोट सगळे बारकोड पुन्हा वाचतो आणि स्वतःची यादी अद्ययावत करतो. बॅकअप सॉफ्टवेअरची यादी मात्र आपोआप बदलेलच असे नाही. बाक्युलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्लॉट अद्ययावत करण्याची आज्ञा तुम्हीच द्यावी लागते. दार उघडले की ही आज्ञा द्यायची, हा नियम रात्रपाळीच्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा. होता होईल तो दार उघडूच नका. एक-दोन टेपा आत-बाहेर करायच्या असतील तर मेल स्लॉट, म्हणजे दार न उघडता टेप देण्या-घेण्याचा खण, त्यासाठीच आहे.

५. पहिली टेप चढवा, आणि घाई करू नका

एलटीओ-९ चे कोरे कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा गेले की ड्राइव्ह त्या टेपची तपासणी करून तिच्याशी स्वतःला जुळवून घेतो. याला सरासरी ४० मिनिटे आणि क्वचित दोन तासही लागतात. पॅनेलवर फारशी हालचाल दिसत नाही, सॉफ्टवेअर ‘टाइमआउट’ म्हणून ओरडते, आणि नवखा माणूस ड्राइव्ह बिघडला असे समजून वीज बंद करतो. तसे करू नका. हे काम प्रत्येक कार्ट्रिजच्या आयुष्यात एकदाच होते, म्हणून नवा साठा आला की तो आधी एक दिवस यंत्राच्याच खोलीत ठेवा आणि सगळ्या टेपांची ही जुळणी बॅकअप सुरू करण्याआधी उरकून घ्या.

लिनक्सवर प्रत्येक ड्राइव्हची दोन नावे असतात : एसटी० आणि एनएसटी०. पहिले नाव वापरले की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्याने ती आहे तिथेच थांबते. सोमवारी एसटी० वर टारने (अनेक फायली एका संचात बांधणाऱ्या आज्ञेने) एक संच लिहिला, मंगळवारी त्याच टेपवर दुसरा लिहिला, तर मंगळवारचा संच सोमवारच्या डोक्यावर लिहिला जातो, आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. टेपवर जिथे शेवटचे लेखन थांबते तिथेच ‘माहिती संपली’ अशी खूण पडते. तिच्या पुढे सोमवारच्या संचाचा काही भाग टेपवर शिल्लक असला तरी नेहमीच्या साधनांनी तो वाचता येत नाही. हाताने लिहिताना नेहमी एनएसटी वापरा, लिहिण्याआधी एमटीच्या ‘ईओडी’ने शेवटाला जा, आणि जपून ठेवायच्या टेपवरची लेखनबंदीची कळ सरकवून ठेवा.

ब्लॉकचा आकारही लिहून ठेवण्याची गोष्ट आहे. टारचा मूळ ब्लॉक १०,२४० बाइटचा असतो, आजच्या ड्राइव्हसाठी तो फारच लहान आहे. २५६ केबी किंवा त्याहून मोठा ठेवावा. मात्र मोठ्या ब्लॉकने लिहिलेली टेप लहान ब्लॉकने वाचायला गेल्यास ‘मेमरी अपुरी’ अशी दिशाभूल करणारी त्रुटी येते, आणि लोक सर्व्हरची मेमरी वाढवायला धावतात. आकार यादीत टेपच्या क्रमांकापुढेच नोंदवा.

६. ड्राइव्हला उपाशी ठेवू नका

टेप लायब्ररी संथ असल्याची तक्रार आली की बहुतेक वेळा दोष तिला माहिती पुरवणाऱ्या बाजूचा असतो. पूर्ण उंचीचा एलटीओ-९ ड्राइव्ह कॉम्प्रेशनविना सेकंदाला ४०० एमबी लिहितो, अर्ध्या उंचीचा ३०० एमबी. ४०० च्या वेगाने १८ टीबीची टेप भरायला साडेबारा तास लागतात, ३०० च्या वेगाने १६ तास ४० मिनिटे. टेपची लांबी १,०३५ मीटर. तिच्यावर ८,९६० ट्रॅक असतात आणि हेड एका वेळी ३२ ट्रॅक लिहिते, म्हणजे एक कार्ट्रिज पूर्ण भरताना ती टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० वेळा धावते.

ही टेप मनात येईल तेव्हा जागच्या जागी थांबू शकत नाही. माहिती येणे थांबले की ती वेगात पुढे निघून जाते, मग थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते आणि सोडलेल्या जागी लिहू लागते. स्थानक ओलांडून पुढे गेलेल्या मालगाडीने मागे येऊन पुन्हा निघावे, तसे. हे सतत घडत राहिले तर वेग रसातळाला जातो आणि टेप व हेड या दोघांची झीज होते. माहिती कमी वेगाने येत असेल तर ड्राइव्ह स्वतःचा वेग काही प्रमाणात उतरवतो, पण त्यालाही एक किमान मर्यादा असते आणि ती माहितीपत्रकात दिलेली असते. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास माहिती येते. तेवढ्यावर एलटीओ-९ ड्राइव्ह पोसला जात नाही.

यावर उपाय असा की माहिती आधी सर्व्हरमधल्या वेगवान डिस्कवर गोळा करायची आणि तिथून सलग टेपवर उतरवायची. ही मधली डिस्क एसएसडी असावी, कारण एकीकडे नवी माहिती येत असताना दुसरीकडे जुनी वाचली जाते आणि साध्या हार्ड डिस्कची त्यात दमछाक होते. दुसरा शत्रू म्हणजे लहान फायली. काही केबींच्या लाखो फायली एकेक करून वाचताना डिस्कच मागे पडते, म्हणून त्या आधी मोठ्या टार संचांत बांधाव्यात. अनेक सर्व्हरांचे प्रवाह एकाच टेपवर मिसळून लिहिण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तिने लिहिण्याचा वेग सुधारतोही. पण एकाच सर्व्हरची माहिती परत हवी असेल तेव्हा सगळे मिश्रण वाचत बसावे लागते. मी ही सोय वापरत नाही. परत आणण्याच्या वेळी लोक आधीच घायकुतीला आलेले असतात, तेव्हा जो वेळ वाचेल तो खरा.

७. कॅटलॉग आणि की : सगळा जीव इथे आहे

कोणती फाइल कोणत्या टेपवर, कितव्या जागी आहे, हे बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये असते. तो डेटाबेस गेला तरी टेपा शाबूत राहतात, पण त्यात काय आहे ते कळण्यासाठी प्रत्येक टेप वाचून कॅटलॉग नव्याने उभारावा लागतो. हिशेब करून पाहा : भरलेल्या ४० टेपा, एक अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह आणि प्रत्येक टेपला १६ तास ४० मिनिटे, तर अखंड वाचनालाच जवळजवळ २८ दिवस लागतात, आणि तेही कुठे अडथळा आला नाही तर. म्हणून रोजचा बॅकअप संपला की कॅटलॉगची प्रत लगेच वेगळ्या यंत्रावर आणि ठरावीक टेपवर जायला हवी, आणि त्या टेपचा क्रमांक कागदावर लिहिलेला असायला हवा. तो क्रमांक कॅटलॉगमध्येच शोधायचा असेल तर उपयोग शून्य.

एन्क्रिप्शनचेही असेच आहे. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच एईएस-२५६ पद्धतीने माहिती कुलूपबंद करू शकतात आणि त्यामुळे वेग जाणवण्याइतका कमी होत नाही, तेव्हा बाहेर जाणाऱ्या टेपांसाठी ते वापरलेच पाहिजे. पण की हरवली तर ती माहिती कोणीही, निर्माता कंपनीसुद्धा, परत देऊ शकत नाही. एका संस्थेत की सांभाळणारा सर्व्हर आभासी यंत्रावर होता आणि त्या आभासी यंत्राचा बॅकअप त्याच कीने कुलूपबंद केलेल्या टेपांवर जात होता. लेखापरीक्षणात हे वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. की-सर्व्हरची प्रत या साखळीच्या बाहेर, दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात ठेवा.

८. सफाई आणि इशारे

ड्राइव्ह मागेल तेव्हाच सफाई करा. दर सोमवारी क्लीनिंग कार्ट्रिज फिरवण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. ती टेप खरखरीत असते आणि गरज नसताना वापरल्यास हेड झिजते. लायब्ररीत स्वयंचलित सफाई चालू करा आणि क्लीनिंग कार्ट्रिजला एक स्लॉट कायमचा द्या. एक कार्ट्रिज साधारण ५० सफायांपुरते असते.

ड्राइव्ह आपली तब्येत ‘टेपअलर्ट’ नावाच्या क्रमांकित इशाऱ्यांतून सांगतो. २० म्हणजे आत्ता सफाई हवी, २२ म्हणजे क्लीनिंग कार्ट्रिज संपले, ३ म्हणजे सुधारता न येणारी त्रुटी, ७ म्हणजे टेपचे आयुष्य सरत आले. हे इशारे तुमच्या ईमेलवर येतील अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करा. दोष टेपचा की ड्राइव्हचा, हे ओळखायची सोपी रीत अशी : तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये आणि त्या ड्राइव्हमध्ये दुसरी टेप चालवून पाहा. त्रुटी टेपबरोबर फिरली तर टेप बाद. ड्राइव्हपाशीच राहिली तर सेवा-अभियंत्याला बोलवा.

हातातून पडलेले कार्ट्रिज पुन्हा लायब्ररीत घालू नका, निदान तपासल्याशिवाय तरी नाहीच. कार्ट्रिजच्या एका कोपऱ्यात छोटे सरकते झाकण असते. ते बोटाने हळूच मागे ओढले की आत धातूची बारीक पिन दिसते. टेपचे टोक या पिनेला जोडलेले असते आणि ड्राइव्ह तिलाच पकडून टेप बाहेर ओढतो. पिन दोन्ही टोकांना आपल्या खाचांत सरळ बसलेली हवी. ती तिरकी दिसली, किंवा कार्ट्रिज कानाशी हलवल्यावर आत काही खुळखुळले, तर ते बाजूला ठेवा. पिन निसटलेले एक कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये गेले तर टेप तर जातेच, वर ड्राइव्हही उघडावा लागतो.

९. लायब्ररीतली टेप सुरक्षित आहे असे समजू नका

खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या भीतीमुळे टेपला पुन्हा बरे दिवस आले आहेत, आणि विक्रेते टेप म्हणजे नेटवर्कपासून तुटलेली प्रत असे सांगतात. अर्धेच खरे आहे ते. लायब्ररीच्या स्लॉटमध्ये असलेली टेप रोबोटला एक आज्ञा दिली की ड्राइव्हमध्ये जाते आणि दुसऱ्या आज्ञेने पुसली जाते; बॅकअप सर्व्हर ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती त्या टेपाही गेल्या. खरोखर तुटलेली टेप म्हणजे मेल स्लॉटमधून काढून कपाटात ठेवलेली. दर आठवड्याला पूर्ण संचाची एक प्रत बाहेर काढाच. ज्या नोंदी कायद्याने बदलता कामा नयेत त्यांच्यासाठी एकदाच लिहिता येणारी कार्ट्रिजही मिळतात.

बाहेर काढलेल्या टेपा दीर्घकाळ ठेवण्यासाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने एसीविना हे साधत नाही, आणि कार्यालय सुटल्यावर एसी बंद करण्याची सवय असेल तर रोजचा चढउतार आणखी वाईट. आर्द्रतामापक कपाटाच्या आत ठेवा, खोलीच्या भिंतीवर नव्हे. तळघर टाळाच, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्यामुळे मुंबईत याचे कारण कोणाला समजावून सांगावे लागू नये. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. नेताना टेपा कडक पेटीत उभ्या ठेवून न्याव्यात, दुचाकीच्या डिकीतून नव्हे, आणि परत आणल्यावर २४ तास खोलीत राहू दिल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नयेत.

१०. परत आणून पाहा

बॅकअप यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश म्हणजे माहिती टेपवर लिहिली गेली, एवढेच. ती परत येते का, हे परत आणूनच कळते. दर महिन्याला एक टेप निवडा, आणि ती निवड तुम्ही न करता दुसऱ्या कोणाला करू द्या. तिच्यातली काही निर्देशिका वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या ड्राइव्हमधून उतरवा आणि मूळ फायलींच्या चेकसमशी (फायलीतल्या माहितीवरून काढलेल्या पडताळणी-आकड्याशी) जुळवा. चेकसम लिहिण्याच्या वेळीच काढून ठेवलेले असले पाहिजेत. वर्षातून एकदा मोठी तालीम करा : बॅकअप सर्व्हरच नाही असे गृहीत धरून, कोऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअर बसवणे, कॅटलॉग उतरवणे, की आणणे इथपासून सुरुवात करा. या तालमीत किती तास गेले ते लिहून ठेवा. ‘माहिती परत यायला किती वेळ लागेल?’ असे संचालक विचारतील तेव्हा तोच आकडा सांगायचा, माहितीपत्रकातला नव्हे.

११. स्थलांतराची तारीख आजच ठरवा

योग्य जपणूक केली तर एलटीओ टेप ३० वर्षांपर्यंत टिकते असे निर्माते सांगतात, पण ती वाचणारा चालू ड्राइव्ह तोवर मिळणे कठीण आहे. नवी पिढी घेताना जुन्या टेपांची माहिती नवीवर हलवण्याचा वेळ आणि खर्च त्याच प्रस्तावात दाखवा. नंतर वेगळा मागितला तर तो मंजूर होत नाही. हलवण्याचे काम चालू असताना जुना ड्राइव्ह, त्याचे कार्ड, केबल आणि त्याला चालणारी सॉफ्टवेअर-आवृत्ती असलेला सर्व्हर मोडीत काढू देऊ नका. शेवटची जुनी टेप वाचून, चेकसम जुळवून, नोंदवहीत तिच्यापुढे खूण केल्यानंतरच भंगाराच्या कागदावर सही करा. बाद टेपांची माहिती नष्ट करण्यासाठी त्या चुंबकाने टेप पुसणाऱ्या यंत्रातून फिरवल्या, तर कारखान्यात लिहिलेल्या मार्गदर्शक खुणाही पुसल्या जातात आणि ते कार्ट्रिज पुन्हा कधीच वापरता येत नाही. म्हणून ज्या टेपा संस्थेतच परत वापरायच्या आहेत त्या आधी वेगळ्या काढून ठेवा.